मंदी, निवृत्ती आणि पायलटचा नंबर

प्रश्न : मुलगी बारावी विज्ञानला आहे आणि पायलटच व्हायचं म्हणते. प्रशिक्षणाच्या कर्जासाठी शेत तारण ठेवावं लागेल. नातेवाईक सांगतात, मंदी आली की पायलट घरी बसतात आणि जुने लोक 65 वर्षांपर्यंत जागा सोडत नाहीत, मग नव्यांना नोकरी कुठली? यात खरं किती?
– एक वाचक, विष्णुपुरी, नांदेड

उत्तर : दोन्ही गोष्टींत तथ्य आहे, पण त्या तुम्हाला अर्धवट सांगितल्या गेल्या आहेत.

मंदीचा फटका नांदेडने जवळून पाहिलाय. 2008 मध्ये गुरु-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीसाठी विमानतळ वाढवला गेला, किंगफिशरची विमानं उतरू लागली. 2012 मध्ये ती कंपनीच बंद पडली. 2017 मध्ये उडान योजनेतून हैदराबादहून ट्रूजेट आली, तीही 2022 मध्ये थांबली. आपली प्रवासाची सोय गेली, एवढंच आपल्याला जाणवलं. ती विमानं उडवणाऱ्यांचं मात्र करिअर अडलं. दोन्ही कंपन्यांकडे एटीआर ही पंख्याची विमानं होती. एटीआरवरच्या पायलटला लगेच एअरबस चालवता येत नाही. त्यासाठी वेगळं टाइप रेटिंग करावं लागतं, त्याचा खर्च लाखांत जातो आणि तो अनेकदा स्वतःच्या खिशातून करावा लागतो. शिवाय विमान कंपनीत बढती, विमानाचा प्रकार, ड्युटीची निवड यांत ज्येष्ठता यादीतला नंबर बोलतो. कंपनी बुडाली की तो नंबरही बुडतो. दुसऱ्या कंपनीत ज्येष्ठता पुन्हा नव्याने मोजली जाते, अनुभव कितीही असो.

आता निवृत्ती. प्रवासी विमान चालवण्याची वयोमर्यादा पूर्वी 60 होती. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने नोव्हेंबर 2006 मध्ये ती 65 केली. 2014 पर्यंत तिची अट अशी होती की, एक पायलट साठीपुढचा असेल तर शेजारचा साठीच्या आतला हवा. साठीनंतर वैद्यकीय तपासणीही दर सहा महिन्यांनी. भारतातही मर्यादा 65 आहे.

वरचा माणूस निवृत्त झाला की यादीतला प्रत्येक जण एक पायरी चढतो, अगदी तळाचाही. तुमच्या विष्णुपुरी बंधाऱ्याचे दरवाजे पाच वर्षं उघडलेच नाहीत तर वरच्या पाण्याचं काय होईल, तसं काहीसं अमेरिकेत झालं. तिथे 13 डिसेंबर 2007 रोजी कायदा होऊन मर्यादा 60 वरून 65 झाली. पुढची पाच वर्षं वयामुळे होणाऱ्या निवृत्त्या जवळपास थांबल्या, आणि नेमकी 2008 ची मंदी कोसळली. यादीच्या तळाशी असलेल्या हजारो तरुण पायलटांना बिनपगारी घरी बसवलं गेलं. जे टिकले ते वर्षानुवर्षं उजव्या सीटवरच राहिले, म्हणजे को-पायलट. दोन्हींपैकी एकच गोष्ट घडली असती तर ती पेलली असती. दोन्ही एकदम आल्या आणि एका पिढीची ऐन उमेदीची वर्षं गेली.

म्हणून म्हाताऱ्यांनी जागा अडवली असं म्हणायचं का? मला ते अन्यायाचं वाटतं. आपल्याकडे 2020 मध्ये उलट घडलं. एअर इंडियात निवृत्ती 58 व्या वर्षी होती आणि त्यानंतर अनेकांना कंत्राटावर पुन्हा घेतलं जाई. टाळेबंदीत 25 मार्चपासून देशांतर्गत उड्डाणं थांबली आणि एप्रिलच्या सुरुवातीलाच अशा सुमारे 200 पायलटांची कंत्राटं स्थगित झाली. मंदीत यादीची दोन्ही टोकं तुटतात, तळचं आणि वरचं. मधल्यांचे पगार कापले जातात. आणि विमानं उभी असली की तासही साठत नाहीत. कॅप्टन होण्यासाठी लागणाऱ्या वरच्या लायसन्सला 1500 तास हवेत, त्यामुळे नोकरी टिकलेल्या को-पायलटचीही कॅप्टनकी लांबते.

तुमच्या मुलीच्या दृष्टीने मला खरं महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच आहे. एप्रिल 2019 मध्ये जेट एअरवेज बंद पडली, मे 2023 मध्ये गो फर्स्ट. जेटच्या पायलटांपैकी काहींना स्पाइसजेट, विस्ताराने घेतलं, पण वर्षभरात कोविड आला आणि बाजारच गोठला. गो फर्स्ट बुडाली तेव्हा एअर इंडियाने 470 विमानांची मागणी नोंदवलेली होती, दीडेक महिन्यात इंडिगोने 500 विमानांची नोंदवली, आणि एअरबसवरच्या त्या पायलटांना दारं उघडी मिळाली. कौशल्य तेच, कंपनी बुडण्याचं दुःख तेच. फरक पडला तो वर्षाचा.

आणि ते वर्ष आधी ओळखता येत नाही. प्रशिक्षणाला दीड-दोन वर्षं सहज जातात. 2018 च्या तेजीत शिकायला गेलेली मुलं ऐन कोविडमध्ये लायसन्स घेऊन बाहेर पडली. सगळे घाबरलेले असताना, 2020-21 मध्ये सुरुवात केलेल्यांना मात्र बाहेर पडताना भरती सुरू झालेली दिसली. आज कंपन्यांना पायलट हवेत. नोव्हेंबर 2025 मध्ये विश्रांतीचे नवे नियम पूर्ण लागू झाले आणि डिसेंबरमध्ये इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, हे सर्वांनी पाहिलं. पण आजची टंचाई तुमची मुलगी लायसन्स घेईल त्या दिवशी असेलच, असं कुणी एजंट सांगत असेल तर त्यावर विसंबू नका.

म्हणून हिशोब असा मांडा : लायसन्स मिळाल्यावर दोन वर्षं नोकरी लागली नाही, तरी हप्ता कोण आणि कशातून भरेल? उत्तर फक्त शेत विकून असं येत असेल, तर आधी पदवी घेऊ द्या. अभियांत्रिकी महाविद्यालय विष्णुपुरीतच आहे आणि चार वर्षं उशिरा सुरुवात केली तरी 65 पर्यंत चाळीसच्या आसपास वर्षं उरतात. हप्त्याची सोय असेल तर मुलीला अडवू नका. गोंदिया, बारामती, जळगाव इथे महाराष्ट्रातच उड्डाण प्रशिक्षण मिळतं. लायसन्सला 200 तास लागतात, तेव्हा मागच्या तुकड्यांचे ते किती महिन्यांत पूर्ण झाले हे तिथल्या विद्यार्थ्यांनाच विचारा. आणि कुठलीही फी भरण्याआधी वर्ग दोन आणि मग वर्ग एकची वैद्यकीय तपासणी करून घ्या. डोळे, कान किंवा हृदयातला एखादा दोष प्रवेशानंतर कळला तर भरलेले पैसे परत मिळणं फार अवघड असतं.