पायथनची सराववही

संगणकाची भाषा शिकताना पहिला अडथळा पुष्कळदा भाषेचा नसतो. तो साधनांच्या मांडणीचा असतो. आज्ञा अचूक असूनही पडद्यावर चुकीचा संदेश येतो आणि ‘हे आपल्याला जमणार नाही’ असे प्रौढ विद्यार्थ्याला वाटू लागते. म्हणून प्रात्यक्षिकांपूर्वी सरावाची जागा नीट मांडावी लागते.

१. वही म्हणजे काय?

पायथन ही भाषा १९९१ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाली. तिच्या सरावासाठी ‘ज्युपिटर’ नावाची वही वापरतात. हा प्रकल्प २०१४ मध्ये सुरू झाला. वहीत कप्पे असतात. एका कप्प्यात स्पष्टीकरण, दुसऱ्यात आज्ञा आणि आज्ञेखाली लगेच उत्तर दिसते. वही ब्राउझरमध्ये उघडते, परंतु चालते स्वतःच्या संगणकावर. साधने एकदा उतरवून घेतली की इंटरनेट नसतानाही सराव करता येतो.

२. स्वतंत्र परिसर कशासाठी?

दिल्लीतील सरोजिनी नगर ही केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी वसलेली वसाहत. अशा वसाहतीत इमारत एकच, पण प्रत्येक बिऱ्हाडाचे स्वयंपाकघर वेगळे असते. एका घरी मसाला बदलला म्हणून शेजारची आमटी बिघडत नाही. पायथनचा ‘आभासी परिसर’ असाच असतो. एका अभ्यासक्रमासाठी घेतलेली साधने दुसऱ्या कामातील साधनांत मिसळत नाहीत.

३. मांडणीच्या पायऱ्या

पुढील आज्ञा संगणकावर रोमन लिपीतील लहान अक्षरांत लिहाव्यात.

(अ) पायथनच्या अधिकृत संकेतस्थळावरून पायथन विनामूल्य उतरवून घ्यावे.
(आ) ‘पायथन’, मग ‘-एम’, मग व्ही-ई-एन-व्ही ही चार अक्षरे आणि शेवटी परिसराचे नाव लिहावे. प्रत्येक शब्दानंतर जागा सोडावी. परिसर तयार होतो.
(इ) ‘ॲक्टिव्हेट’ या आज्ञेने परिसर सुरू करावा. विंडोजमध्ये ती परिसराच्या ‘स्क्रिप्ट्स’ फोल्डरात असते. परिसराचे नाव ओळीच्या आरंभी कंसात दिसू लागते.
(ई) ‘पिप इन्स्टॉल नोटबुक’ या आज्ञेने वही मिळवावी आणि ‘ज्युपिटर नोटबुक’ या आज्ञेने ती उघडावी.

४. पहिली पडताळणी

पहिल्या कप्प्यात ‘सरोजिनी नगर’ हे शब्द अवतरणचिन्हांत देवनागरीत लिहून ‘लेन’ या आज्ञेने त्यांची लांबी विचारावी. डोळ्यांना सात अक्षरे दिसतात; पायथन ११ हे उत्तर देते. यंत्र चुकलेले नसते. ते तीन मात्रा आणि मधली मोकळी जागा यांचीही स्वतंत्र मोजणी करते. उत्तर अनपेक्षित आले तर स्वतःला दोष देण्याआधी यंत्राने काय मोजले, हे पाहावे.

५. एक खबरदारी

कप्पे वर-खाली कसेही चालवता येतात. त्यामुळे खोडलेल्या आज्ञेचे जुने मूल्यही स्मृतीत राहते आणि दिसणारे उत्तर लिहिलेल्या आज्ञेचे नसू शकते. म्हणून सराव संपताना वही नव्याने सुरू करून सर्व कप्पे क्रमाने चालवावेत. तेव्हाही तेच उत्तर आले, तरच ते विश्वसनीय मानावे.

पाठगत प्रश्न

१. आभासी परिसराला वेगळ्या स्वयंपाकघराची उपमा का दिली आहे?
२. ‘सरोजिनी नगर’ची लांबी ११ कशी येते?
३. स्वतःच्या गावाच्या नावाची लांबी आधी कागदावर काढा, मग वहीत पडताळा.