अनासक्ती म्हणजे माया नसणं नव्हे

आजचा श्लोक गीता ३.१९: आसक्ती न ठेवता कर्म कर. मला वाटायचं, अनासक्त माणसाला घरच्यांची ओढच नसते.

नगरचं रणगाडा संग्रहालय बघून आलो आणि लेफ्टनंट कर्नल अर्देशिर तारापोर यांच्याबद्दल वाचलं. पूना हॉर्सचे हे पारशी कमांडर ११ सप्टेंबर १९६५ ला फिलोऱ्याच्या लढाईत जखमी झाले, तरी मागे गेले नाहीत. सहकाऱ्याला सांगून ठेवलं, 'मी गेलो तर इथेच दहन करा.' प्रार्थनेचं पुस्तक आईला, साखळी पत्नीला, अंगठी मुलीला, पेन मुलाला. १६ तारखेला त्यांना वीरमरण आलं. पुढे मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं.

घरातलं प्रत्येक माणूस मनात होतं, तरी पाऊल मागे वळलं नाही. अनासक्ती ती हीच!

आज लॅपटॉप उघडण्याआधी आईला एक फोन करूया.