रातबगळ्याची पाळी

घोडेगावहून नाथसागराच्या काठी गेलात, तर सूर्यास्तापर्यंत थांबा. १९८६ पासून हा जलाशय पक्ष्यांचे अभयारण्य आहे. पांढरे बगळे झाडांवर परतू लागतात, नेमका तेव्हाच 'क्वॉक्' असा घोगरा आवाज काढीत रातबगळा बाहेर पडतो. आखूड मान, काळी पाठ, डोळे लालभडक! इतर बगळे झोपले, की उथळ पाण्यातले मासे-बेडूक टिपायला त्याला स्पर्धा कमी. शेजारी तपकिरी, ठिपकेदार पक्षी दिसला तर फसू नका. ते बहुधा त्याचेच वाढते पिलू.

पण विणीच्या हंगामात हा 'रात'बगळा भरदिवसाही शिकार करतो. का? घरट्यातली पिले भुकेली असतात! त्या झाडाजवळ मात्र जाऊ नका. घाबरलेली पिले गिळलेले अन्न ओकून टाकतात.