जनावरांचे प्रथमोपचार : पशुवैद्यक येईपर्यंत

दारातील गाय, बैल, शेळी किंवा राखणीचा कुत्रा अकस्मात जखमी अथवा आजारी झाल्यास पशुवैद्यक येईपर्यंतचा काळ मोलाचा असतो. या काळात जनावराचा जीव राखणे व इजा वाढू न देणे, एवढाच प्रथमोपचाराचा हेतू असतो. रोग बरा करणे हा नव्हे. हा भेद ध्यानात न घेतल्याने पुष्कळदा उपचारातूनच अपाय घडतो.

रक्तस्राव होत असल्यास स्वच्छ कापडाची घडी जखमेवर ठेवून पाच ते दहा मिनिटे सतत दाबून धरावी. मधूनमधून उचलून पाहू नये. जखमेत माती, राख किंवा शेण भरू नये. त्यातून धनुर्वाताचे जंतू शिरतात. मोडलेला पाय ओढून सरळ करण्याचा प्रयत्न करू नये.

ओला, कोवळा चारा अधिक खाल्ल्याने पोटफुगी होते. डावी कूस फुगते, वायूच्या दाबामुळे श्वास कोंडतो आणि जनावर थोड्याच वेळात दगावू शकते. अशा जनावरास बसू न देता पुढचे पाय उंचावर येतील असे उभे करावे. तोंडात आडवी काठी बांधावी. ती चघळताना लाळ सुटते व ढेकर येण्यास मदत होते. आडव्या पडलेल्या किंवा गिळता न येणाऱ्या जनावरास काहीही पाजू नये. पाजलेले औषध फुफ्फुसात जाऊन न्यूमोनिया होतो.

कुत्रा चावलेल्या जनावराची जखम रबरी हातमोजे घालून साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि लसीकरणासाठी तत्काळ पशुवैद्यकास कळवावे. लाळ गळणाऱ्या, आवाज बदललेल्या जनावराच्या घशात काही अडकले असेल, असे समजून तोंडात हात घालू नये. तो रेबीज असू शकतो, आणि लक्षणे दिसू लागल्यावर या रोगावर खात्रीचा इलाज नाही. अशी लाळ जखमेस लागलेल्या व्यक्तीने जखम धुऊन त्वरित आरोग्य केंद्र गाठावे.

माणसांची औषधे जनावरांना देऊ नयेत. पॅरासिटॅमॉल मांजरास विषासमान ठरते.

प्रत्येक ग्रामपंचायतीने कापूस, पट्ट्या, जंतुनाशक, साबण, हातमोजे व तापमापक असलेली पेटी ठेवावी आणि पशुवैद्यकीय सेवेचा १९६२ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक दर्शनी भिंतीवर रंगवून घ्यावा. शिक्षकांनी हे नियम विद्यार्थ्यांना समजावून दिल्यास ते घरोघरच्या गोठ्यापर्यंत सहज पोहोचतील.