गर्भिणी परिचर्या आणि ‘ड’ जीवनसत्त्वयुक्त दूध

चरकसंहितेच्या शारीरस्थानात गर्भिणीस पहिल्या मासापासून दुग्धसेवन सांगितले आहे. आज त्याच दुधात ‘ड’ जीवनसत्त्व मिसळले जाते. निळ्या ‘+एफ’ चिन्हाची पिशवी घरी येत असेल, तर गर्भिणीची गरज भागली असे आपण मानावे काय?

भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांनुसार अशा दुधात दर लिटरला ५ ते ७.५ मायक्रोग्रॅम, म्हणजेच २०० ते ३०० एकके ‘ड’ जीवनसत्त्व असते. दोनशे मिलिलिटरच्या पेल्यातून ४० ते ६० एककेच मिळतात. ‘+एफ’ तेल वापरल्यास २५ ग्रॅममागे ११० ते १६० एककांची भर पडते. दोन पेले दूध आणि हे तेल मिळून २८० एककांपलीकडे बेरीज जात नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये गर्भिणीसाठी सुचविलेली दैनिक मात्रा ६०० एकके आहे. गोठ्यावरून येणाऱ्या सुट्या दुधात तर ही भरही नसते.

उरलेला वाटा मुख्यतः सूर्यप्रकाशाचा. येथे आपल्या नेहमीच्या सल्ल्याचा पुनर्विचार हवा. सकाळच्या कोवळ्या उन्हात त्वचेत ‘ड’ जीवनसत्त्व तयार करणारे किरण अत्यल्प असतात. आपली सावली आपल्या उंचीहून आखूड पडते, तेव्हा ते पुरेसे मिळतात. काचेतून ते येत नाहीत. त्यामुळे डोंबिवलीतील काचबंद गॅलरीत बसून लाभ होत नाही. मात्र चरकांनी आतपाची गणना लंघनाच्या दहा प्रकारांत केली आहे. म्हणून गर्भिणीस आतपसेवन अल्पकाळ व बलानुसारच सांगावे.

प्रसूतीच्या परिणामांविषयी एकवाक्यता नाही. इंग्लंडमधील २०१६ च्या एका चाचणीत गर्भिणींना रोज १००० एकके दिली असता सर्व अर्भकांच्या अस्थींत फरक दिसला नाही. हिवाळ्यात जन्मलेल्यांत मात्र दिसला. जागतिक आरोग्य संघटना सरसकट पूरक मात्रेची शिफारस करीत नाही. अमेरिकेतील एंडोक्राइन सोसायटीने २०२४ मध्ये गर्भिणीस ती सुचविली. म्हणून केवळ दुधाच्या बळावर सुखप्रसूतीची हमी देणे आपणास शोभणारे नाही.

औषधविक्रेत्या बंधूंनी विशेष दक्षता घ्यावी. ६०,००० एककांची पुडी ही चिकित्सकाच्या सल्ल्याने, बहुधा आठवड्यातून एकदा घ्यावयाची मात्रा आहे. ती ‘शक्तीची पावडर’ समजून रोज घेतल्यास रक्तातील कॅल्शियम वाढून छर्दी, तृष्णा व मलबद्धता उद्भवते. गर्भिणीत ही छर्दी गर्भजन्य समजली जाण्याचा धोका आहे. म्हणून चिठ्ठीविना ही पुडी देऊ नये.

दूध कोणते, तेल कोणते, ऊन किती, पुडी सुरू आहे काय, हे चार प्रश्न प्रत्येक गर्भिणीस विचारावेत. उत्तरे केसपेपरवर नोंदवावीत आणि शंका असेल तेथे रक्ततपासणी करवून प्रसूतितज्ज्ञांच्या विचाराने मात्रा ठरवावी.