बऱ्हाणपूरची मोटार, बुलढाण्याचा क्रमांक

प्रश्न : मध्य प्रदेशातील बऱ्हाणपूर येथून जुनी मोटार विकत घेऊन जळगाव जामोद येथे आणल्यास कोणती पूर्तता करावी लागते?

उत्तर : मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 47 नुसार परराज्यातील वाहन 12 महिन्यांहून अधिक काळ ठेवायचे असल्यास नवा क्रमांक, म्हणजे बुलढाण्याचा ‘एमएच 28’, घेणे बंधनकारक असले, तरी मालकी हस्तांतराची सूचना खरेदीदाराने 30 दिवसांतच द्यावयाची असल्याने ही 12 महिन्यांची सवलत बहुधा भ्रामक ठरते. खरी कळीची गोष्ट ना-हरकत प्रमाणपत्र (नमुना 28) ही असून, कर किंवा दंड थकीत नसल्याची ग्वाही देणारा हा दाखला मूळ नोंदणी कार्यालयाकडूनच मिळत असल्यामुळे पूर्ण रक्कम तत्पूर्वी विक्रेत्याच्या हाती देणे अविचाराचे होय.