पाणकिड्यांचे फोटो घरच्या घरी : खर्च किती आणि कशावर?

अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागाच्या शेडला लागून घर असेल, तर पाण्याचा हौद हवाच. सोलापुरात नळाला रोज पाणी कुठे येतं? हौद उघडा राहिला की त्यात डासांच्या अळ्या होतात, पाणभुंगे आणि चतुराची पिल्लंही येतात. त्यांचे सुरेख फोटो साध्या मोबाइलवर निघतात. पैसे मात्र कॅमेऱ्यावर घालू नका, काचेवर आणि उजेडावर घाला.

कशाला किती? (भाव अंदाजे, दुकानागणिक फरक पडतो)

- छोट्या पेटीसाठी ४ मिमी काचेचे ५ तुकडे, कापून : १००–१५० रु.
- बुरशीनाशक नसलेलं सिलिकॉन : १५०–२५० रु.
- मोबाइलला लावायची क्लिप मॅक्रो लेन्स : ३००–८०० रु.
- दोन एलईडी टॉर्च : २००–३०० रु.
- मोबाइल स्टँड : २००–५०० रु.

एकूण ९५० ते २,००० रुपये. चहाची गाळणी, पांढरा वाडगा, मऊ ब्रश आणि बटर पेपर घरात असतातच. काळ्या टॉवेलचा वाया गेलेला तुकडा कारखान्यात कुणालाही मागा. रिंग लाइट घेऊ नका, त्याचं कडं काचेत उमटतं. मोठी मत्स्यपेटीही नको, तिच्यात किडा लेन्सपासून लांब पळतो.

पेटी

पुढची-मागची काच १५×१२ सेंमी, बाजूच्या दोन ३×१२, तळ १४.२×३. बाजू आणि तळ पुढच्या-मागच्या काचेच्या मध्ये बसवा. क्लिप लेन्स साधारण दोन-तीन सेंटिमीटरवरूनच नीट दाखवते, म्हणून पेटी इतकी अरुंद. पाणी जेमतेम अर्धा लिटर मावतं. सिलिकॉन दोन दिवस वाळू द्या. व्हिनेगरसारखा वास गेला की एकदा पाणी भरून ओता, मगच वापरा.

पाणी आणि फोटो

किडा जिथून घेतला तिथलंच पाणी फडक्यातून गाळून भरा. नळाचं ताजं पाणी नको, त्यात क्लोरीन असतं. रंगाई कारखान्याच्या सांडपाण्याला हातही लावू नका.

मागांच्या परिसरात हवेत कापसाचे तंतू तरंगतात. ते पाण्यावर पडले आणि बाजूने उजेड आला, की फोटोत पांढरे ठिपके दिसतात. त्यामुळे फोटो काढेपर्यंत पेटी झाकून ठेवा आणि पडलेले तंतू ब्रशने उचला. माग सुरू असताना टेबलही थरथरतं. पेटीखाली टॉवेलची घडी ठेवा, मोबाइलला टायमर लावा. माग बंद असतील तेव्हा काढलात, तर फोटो सगळ्यात स्वच्छ येईल.

काळं कापड मागे, पेटीबाहेर. दोन्ही टॉर्च बाजूने, जरा वरून, बटर पेपरआडून. लेन्स काचेच्या अगदी जवळ ठेवा, म्हणजे प्रतिबिंब फारसं पडत नाही. पडद्यावर बोट दाबून फोकस पक्का करा आणि मोबाइल अगदी हळू पुढे-मागे न्या.

काय टिपायचं?

चतुराचं पिल्लू खालचा ओठ दुमडून ठेवतं आणि शिकार टप्प्यात आली की तो फेकून तिला पकडतं. मागच्या टोकातून पाणी जोरात सोडून ते पुढे झेपावतं. टाचणी या चतुरासारख्याच किड्याच्या पिल्लाच्या शेपटीला तीन पानांसारखे कल्ले असतात. काळ्या कापडासमोर त्यांतल्या बारीक नळ्यासुद्धा दिसतात. पिल्लं एकमेकांना खातात, म्हणून पेटीत एकावेळी एकच. डासाच्या अळीची ठेवणही पाहा: क्युलेक्स आणि एडिस डासांची अळी डोकं खाली करून तिरकी लटकते, अ‍ॅनॉफिलीसची पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर पडून राहते. दोन्ही फोटो शेजारी ठेवले, तर घरातली मुलं हा फरक सहज ओळखतील.

जपायचं काय?

पाठीवर पोहणारे पाणकिडे आणि मोठे पाणढेकूण कडकडून चावतात. ते गाळणीनेच उचला. पेटी उन्हात ठेवू नका, पाणी तापलं की त्यातला ऑक्सिजन कमी होतो. फोटो झाले की चतुर-टाचणीची पिल्लं जिथून आणली तिथेच सोडा; ती डासांच्या अळ्या खातात, म्हणजे आपलंच काम करतात.

डासांच्या अळ्या मात्र गटारात ओतायच्या नाहीत, कोरड्या जमिनीवर उन्हात ओतायच्या. उष्ण हवेत अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. एडिसची अंडी कोरड्या भिंतीला चिकटून महिनोन्‌महिने टिकतात. म्हणून हौद आठवड्यातून एकदा रिकामा करून घासा आणि घट्ट झाका. पेटीही तशीच घासून ठेवा.